मास्तरांचा उजवा पाय

गाडी चालवणं हा मास्तरांच्या डाव्या हातचा मळ होता. निदान मास्तर तसं म्हणत, आणि ज्या माणसाने चोवीस वर्षांत तीन हजार एकशे बारा लोकांना गाडी शिकवली, त्याला खोटं कोण पाडणार? म्हणूनच परदेशात शिकायला गेलेल्या त्यांच्या मुलीने फोनवर जेव्हा सांगितलं की, "बाबा, पदवीचा समारंभ सकाळी अकराला आहे, हॉटेलपासून साठच किलोमीटर आहे, ट्रेनने या, सोपं पडेल," तेव्हा मास्तर दुखावले.

"ट्रेनने? मी? अगं, तुझा बाप कोण आहे?"

"ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर."

"मग! ट्रेनचं नाव काढू नकोस. आम्ही गाडीने येणार. भाड्याची घेऊ, पण थेट दारात उतरू. सांगून ठेव सगळ्यांना!"

मुलीने सांगून ठेवलं. मैत्रिणींना सांगितलं, मैत्रिणींच्या आईवडिलांना सांगितलं, आणि ज्यांच्याकडे ती दोन वर्षं उद्योगधंद्याचं शास्त्र शिकली त्या प्रोफेसरांनाही सांगितलं. बापाचा तिला भारी अभिमान. तिच्या दृष्टीने जगात ड्रायव्हर एकच होता, बाकी सगळे नुसते गाडीत बसलेले लोक.

समारंभाच्या दिवशी सकाळी आठला मास्तर गाड्या भाड्याने देणाऱ्या ऑफिसात हजर झाले. अंगात नवा कोट, खिशात आंतरराष्ट्रीय परवाना, आणि शेजारी मास्तरीणबाई. बाई पोस्टात काउंटरला होत्या, त्यामुळे कुणाचंही बोलणं समजून घ्यायची आणि कुणाच्याही बढाया गप्प राहून ऐकायची त्यांना सवय होती. इथे दोन्ही सवयी कामाला आल्या, कारण काउंटरवरच्या मुलीचं इंग्रजी घाईचं होतं आणि मास्तरांचं सावकाश.

"तुम्ही सांगून ठेवलेली छोटी गाडी काल एकाने खांबावर घातली," ती मुलगी म्हणाली. "आता दोनच आहेत. एक नऊ माणसांची व्हॅन. दुसरी ती बाहेरची. तेवढ्याच भाड्यात देईन, पण ती आम्ही फक्त अनुभवी ड्रायव्हरना देतो."

काचेपलीकडे एक लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून बसलेली स्पोर्ट्स कार उभी होती.

"व्हॅन घेऊ या," बाई म्हणाल्या.

"काय म्हणाली ती शेवटी?"

"काही नाही हो. अनुभवी ड्रायव्हर लागतो म्हणाली."

बस! मास्तरांनी सही ठोकली आणि बाहेर जाऊन ते लाल गाडीचे टायर बुटाने ठोकून बघू लागले. बाई मागे राहिल्या. राहिलेले कागद भरून, काउंटरवरच्या मुलीशी आणखी दोन शब्द बोलून त्या पाच मिनिटांनी आल्या, तोवर मास्तर आत शिरण्याच्या खटपटीत होते. त्या गाडीत बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग पडायचं, आणि मग आपले पाय बाहेर राहिलेत का ते बघायचं. शेवटी दोघं बसली. मास्तरांनी सुस्कारा सोडला आणि नेहमीच्या आवाजात सुरुवात केली.

"हं! बेल्ट लाव. आरसा बघ. आता क्लच पूर्ण दाब, आणि मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

"काय दाबू?"

"क्लच! क्लच गं!"

"अहो," बाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्यापुढे पर्स ठेवायचा कप्पा आहे. चाक तुमच्यापुढे आहे."

मास्तरांनी समोर पाहिलं. खरंच चाक होतं.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ती मास्तरांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती, कारण ती त्यांच्याही कधी ध्यानात आली नव्हती. घरी, त्यांच्या शिकवायच्या गाडीत, शिकणारा उजवीकडे बसायचा आणि मास्तर डावीकडे. मास्तरांच्या पायाशी, शिकवणाऱ्यासाठी बसवलेला जादा क्लच होता आणि जादा ब्रेक होता. सकाळी सहाला पहिला विद्यार्थी दारातून गाडी काढायचा आणि रात्रीच्या जेवणाआधी शेवटचा विद्यार्थी ती दारात आणून लावायचा. नातेवाइकांकडे जायचं झालं, तर मास्तर 'लांब पल्ल्याचा सराव' म्हणून एखाद्या विद्यार्थ्याला बरोबर घ्यायचे. असं करता करता चोवीस वर्षं झाली होती आणि ह्या चोवीस वर्षांत मास्तरांनी स्वतः एकदाही गाडी चालवली नव्हती!

आणि ह्या परक्या देशात ड्रायव्हरच डावीकडे बसत होता. म्हणून तर त्यांना बसल्या बसल्या घरच्यासारखं वाटलं होतं. खाली वाकून पाहिलं तर क्लच नव्हताच, गाडी आपोआप गिअर बदलणारी. एक ब्रेक होता. आणि त्याच्या शेजारी, मास्तरांच्या बाजूला गेल्या चोवीस वर्षांत कधी नसलेली एक वस्तू होती. ॲक्सिलरेटर!

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. गाडी समजून घेतोय."

गाडी सुरू झाली. मास्तरांनी उजवा पाय उचलून ॲक्सिलरेटरवर अगदी अलगद टेकवला. इंजिन असं डरकाळलं की ऑफिसातली मुलगी उठून उभी राहिली. आणि मास्तरांचा पाय, कुणीही न सांगता, ब्रेकवर गेला. चोवीस वर्षं त्या पायाला दुसरं काम दिलेलंच नव्हतं! गाडी हातभर पुढे उडी मारून थांबली. बाईंची पर्स काचेवर आपटली. पुन्हा डरकाळी, पुन्हा उडी, पुन्हा ब्रेक. असं करत फाटकापर्यंत जायला अर्धा तास लागला, आणि मास्तरांचा नवा कोट पाठीला चिकटला.

फाटकापाशी मात्र त्यांना एक शोध लागला. ब्रेकवरचा पाय काढला की ही गाडी काहीही न दाबता आपली आपण पुढे सरकते! मग ॲक्सिलरेटरला हात लावायची, म्हणजे पाय लावायची, गरजच काय? मास्तरांचा जीव भांड्यात पडला आणि अशा रीतीने ती स्पोर्ट्स कार ताशी नऊ किलोमीटरच्या वेगाने मोठ्या रस्त्याला लागली.

"थोडी जोरात घ्या," बाई म्हणाल्या.

"परक्या देशात नियम पाळावेत."

"अहो, ती पळणारी बाई आपल्यापुढे गेली."

"व्यायामाला निघाली असेल. जाऊ दे."

"तिच्या हातात बाळाची गाडी होती. बाळासकट."

मास्तरांच्या डोळ्यांत घाम उतरत होता आणि तो पुसायला चाकावरचा हात काढायची त्यांची छाती होत नव्हती. मागे भोंगे सुरू झाले. एका ट्रकवाल्याने शेजारून जाताना काच खाली करून काहीतरी ऐकवलं. शब्द कळले नाहीत, अर्थ नीट कळला. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"आई, निघालात? पावणेअकराला दारं बंद करतात हं! नंतर कुण्णालाही आत सोडत नाहीत. बाबा चालवतायत ना? मग मला काळजीच नाही!"

बाईंनी फोन ठेवला आणि पोस्टातल्या माणसाच्या सवयीने मनातल्या मनात गणित केलं. "अहो, असेच गेलो तर आपण दुपारी चारनंतर पोहोचू."

एकुलती एक मुलगी. दोन वर्षांनी मास्तर तिला बघणार होते. ती स्टेजवर चढेल, खाली खुर्च्यांकडे बघेल आणि तिथे दोन खुर्च्या रिकाम्या असतील. का, तर बापाचा पाय ऐकत नाही म्हणून! त्यांनी दात-ओठ खाऊन पाय ॲक्सिलरेटरकडे नेला. पुढे, चांगलं दोनशे पावलांवर, एक कबुतर रस्त्यात उतरलं. पाय ब्रेकवर! मागच्या भोंग्यांचा एकच गदारोळ झाला.

त्यानंतर जो निळा दिवा मागे फिरू लागला, तो मोटरसायकलवरच्या पोलिसाचा होता. गाडी थांबवणं ही एकच गोष्ट मास्तरांना झकास जमत होती. ती त्यांनी केली.

पोलीस खाली वाकला. भला माणूस दिसत होता. "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"मी उत्तम आहे."

"गाडी बिघडली आहे?"

"गाडी उत्तम आहे."

"मग तुमच्यामागे दोन किलोमीटरची रांग का आहे? तीन दुधाचे टँकर आहेत त्यात!"

मास्तरांनी आपलं हुकमी पान काढलं. म्हणजे व्हिजिटिंग कार्ड. त्याच्यावर चाकाचं चित्र होतं आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'सुरक्षित शिक्षण, चोवीस वर्षं.' पोलिसाने कार्ड वाचलं, मास्तरांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला.

"असं होय! म्हणजे तुम्ही ह्या बाईंना शिकवताय?"

"छे छे! हिला नाही जमत. मी शिकवतो ह्या बाजूने. म्हणजे घरी. इथे ती बाजू ही झाली. तिथे माझ्या पायाशी जादा पेडल असतात."

पोलिसाने बॅटरी काढून गाडीत खाली बघितलं. "ह्या गाडीत तर जादा पेडल नाहीत."

"तेच तर सांगतोय!"

"जादा पेडल नसलेल्या गाडीत शिकवणं इथे गुन्हा आहे." पोलिसाने वही काढली. "त्यात भाड्याची गाडी."

"अहो साहेब, मी शिकवत नाहीये! मी चालवतोय!"

पोलिसाची पेन्सिल थांबली. त्याने अतिशय नम्रपणे मान हलवली. "माफ करा, पण ह्याला चालवणं म्हणत नाहीत."

तीन हजार एकशे बारा जणांच्या गुरूला हे वाक्य भर रस्त्यात ऐकावं लागलं! मास्तरांचे कान लाल झाले. पोलीस पुढे म्हणाला की, अशा स्थितीत तो त्यांना चाकामागे बसू देणार नाही. गाडी ओढून नेणारा ट्रक बोलावतो, तासाभरात येईल, साहेबांनी आणि बाईंनी ट्रकच्या पुढच्या सीटवर बसून परत जावं. घड्याळात दहाला सात मिनिटं कमी होती.

"अहो, माझ्या मुलीचा समारंभ आहे!" मास्तरांचा आवाज फाटला. "मला काय हवी ती शिक्षा करा, पण आम्हाला तिथे पोहोचवा हो!"

तेव्हा बाईंनी पर्स उघडली आणि त्या खास काउंटरवरच्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, गाडीच्या कागदावर दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव आहे. बघून घ्या."

पोलिसाने कागद पाहिला. "हे कोण?"

"मी."

मास्तर एवढ्या संकटातही हसले. "लिहिताना चूक झाली असेल, साहेब. ती माझी बायको आहे."

बाईंनी पर्समधून आणखी दोन गोष्टी काढल्या. एक नवा कोरा आंतरराष्ट्रीय परवाना, आणि एक घरचा परवाना, नऊ वर्षांपूर्वीचा. पोलिसाने दोन्ही तपासले, बाईंना सलाम ठोकला आणि मास्तरांसाठी उजवीकडचं दार अदबीने उघडून धरलं.

पुढच्या मिनिटाला ती गाडी स्पोर्ट्स कार झाली. बाईंनी आरसा लावला, सीट पुढे घेतली, दोन गल्ल्यांपुरती गाडी हाताखालून घातली आणि मग महामार्गावर सोडली. साठ, ऐंशी, शंभर! मास्तर उजवीकडच्या सीटवर बेल्ट धरून बसले होते आणि दर वळणाला पुढच्या गालिच्यावर पाय आपटत होते. तिथे काही नव्हतं. त्यांनी चूक शोधायचा कसून प्रयत्न केला. आरसा? बघत होती. इशारा? वेळेवर. अंतर? राखलेलं. एकही चूक सापडेना, आणि हे दुःख पोलिसाच्या वाक्याहून मोठं होतं.

"कोणी शिकवलं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"समोरच्या मॅडमनी."

मास्तरांच्या स्कूलच्या बरोब्बर समोर, रस्त्याच्या पलीकडे, एका बाईंनी ड्रायव्हिंग स्कूल काढलं होतं. मास्तर तिकडे बघतसुद्धा नसत.

"त्यांच्याकडे? माझं स्वतःचं स्कूल असताना?"

"तुमच्याकडे आलेच होते की मी. तिसऱ्या दिवशी भर चौकात ओरडलात, 'अगं ए, तो क्लच आहे, माहेरचं पायपुसणं नाही!' सगळा सिग्नल हसला. मी उतरले आणि चालत घरी गेले. चौथ्या दिवशी रस्ता ओलांडला."

"पण मग नऊ वर्षं तू चालवलीस कुठे?"

"रविवारी तुम्ही दोन ते पाच झोपता ना? गाडी दारातच असते."

मास्तर एकदम ताठ झाले. "म्हणून रविवारी पेट्रोल कमी व्हायचं! आणि मी दोनदा टाकी उतरवली गळते म्हणून!"

"मला वाईट वाटायचं हो," बाई म्हणाल्या आणि एका बसच्या पुढे गेल्या.

मास्तरांना राग यायला हवा होता. आलाही, पण त्याच्या मागोमाग लाज आली आणि लाजेने रागाला बसूच दिलं नाही. नऊ वर्षं बायकोने एवढी मोठी गोष्ट मनात ठेवली होती, आणि ती फक्त एवढ्यासाठी की, 'मास्तरांची बायको समोर शिकते' असं कुणी म्हणू नये. त्यांनी घसा साफ केला. "हिला माहीत आहे? लेकीला?"

"नाही. तिला तिचा बाप जगातला एक नंबर ड्रायव्हर वाटतो. मी कशाला मोडू?"

"मग असं कर ना. गेटापाशी मला दे. शेवटचे दोनशे मीटर मी..."

"दहा एकेचाळीस झालेत," बाई म्हणाल्या. "गप्प बसा."

त्या गेटातून आत शिरल्या, सरळ पायऱ्यांपर्यंत गेल्या, दिसली त्या मोकळ्या जागेत एका झटक्यात गाडी घातली आणि दोघं धावत सुटली. दरवाजा बंद होता होता आत घुसली. मुलगी आधीच रांगेत होती, तिने गाडी पाहिली नाही. स्टेजवर तिचं नाव पुकारलं गेलं, काळा झगा सावरत ती चढली, तिने खुर्च्यांकडे पाहिलं आणि दोघांना बघून हात हलवला. मास्तरांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही, आणि तेवढ्या वेळात त्यांना गाडीची आठवणही झाली नाही.

आठवण झाली ती समारंभ संपल्यावर. लाउडस्पीकरवरून कुणीतरी सांगत होतं की पायऱ्यांजवळची लाल स्पोर्ट्स कार प्रमुख पाहुण्यांच्या जागेवर उभी आहे, ती ताबडतोब हलवावी.

"लाल स्पोर्ट्स कार?" मुलीने बापाला दचकताना पाहिलं. "बाबा! तुमची? बाबा!! अहो सर, या ना, हेच माझे बाबा! तीन हजार लोकांना गाडी शिकवलीय त्यांनी!"

प्रोफेसर आले. मैत्रिणी आल्या, त्यांचे आईबाप आले. पायऱ्यांवर तीस-चाळीस माणसं गोळा झाली आणि सगळ्यांचे फोन वर झाले. "बाबा, एक चक्कर मारून दाखवा! मी बसते शेजारी," म्हणत मुलगी झगा गोळा करून उजवीकडच्या सीटवर बसलीसुद्धा.

बाईंनी चावी मास्तरांच्या तळहातावर ठेवली.

मास्तर डावीकडे बसले. गाडी सुरू केली. समोर कारंजं होतं, कारंज्याभोवती माणसं होती. नुसता ब्रेक सोडला असता तर गाडी आपोआप सरकली असती, नऊच्या वेगाने का होईना कोपऱ्यावर वळली असती, आणि इज्जत राहिली असती. पण मुलगी म्हणाली, "बाबा, जोरात हं!" मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या पायाशी पाहिलं. तिथे जादा ब्रेक नव्हता. आपण चुकलो तर आज गाडी थांबवायला शेजारी कुणी नाही, आणि शेजारी बसली आहे ती आपली मुलगी, हे त्यांना एकदम कळलं. त्यांनी गाडी बंद केली.

"काय झालं बाबा?"

मास्तर बाहेर आले. सगळ्यांना ऐकू जाईल असं, आपल्या सावकाश इंग्रजीत, म्हणाले, "मला गाडी चालवता येत नाही. मला फक्त शिकवता येते. इथपर्यंत हिने आणली." आणि त्यांनी बाईंकडे बोट दाखवलं.

मास्तरांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण प्रोफेसर पुढे आले आणि त्यांनी मास्तरांचा हात दोन्ही हातांत घेतला. "त्यात काय एवढं! मी तीस वर्षं धंदा कसा करावा हे शिकवतोय. एकही केलेला नाही!"

हशा झाला. मुलगी हसली नाही. ती बापाकडे बघत राहिली, मग त्याच्या गळ्यात पडली, आणि मग एकदम ओरडली, "आई?! आई चालवते?" सगळे फोन बाईंकडे वळले. बाई लाजल्या, पण चाकामागे बसल्या. मुलीला घेऊन त्यांनी कारंज्याला अशा सुरेख तीन चकरा मारल्या की प्रमुख पाहुण्यांनीही आपली गाडी मागे घेऊन वाट दिली.

बाईंनी गाडी शेवटी पायऱ्यांपाशी आणून थांबवली, तेव्हा मास्तर खिडकीपाशी वाकले.

"अगं," ते हळूच म्हणाले, "घरी गेल्यावर मला शिकवशील?"

"मी? नाही बाई. नवऱ्याबायकोने एकमेकांना गाडी शिकवू नये. मॅडमकडे नाव घाला."

"समोर? आणि माझे विद्यार्थी काय म्हणतील?"

"काही म्हणायचे नाहीत," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे पास झाले की निम्मे तिकडेच जातात. मॅडम म्हणतात, ब्रेक अगदी सुंदर मारतात, फक्त गाडी पुढे नेता येत नाही. त्यांच्यासाठी मॅडमनी वेगळी बॅचच काढलीय, सकाळी सातची. तुम्ही तिच्यातच बसा."